शेवटची सहा मिनिटं

एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं उरकणाऱ्या सॉफ्टवेअरला, व्हिडिओ अपलोड करता यावेत म्हणून आम्ही नोएडाच्या ऑफिसात एक टूल बनवत होतो. चाचणीला मोठी फाईल हवी होती. दिल्लीत मयूर विहारला एकटा राहायला लागल्यावर मी आईला भरल्या वांग्यांची कृती विचारली होती. तिने नागपूरहून पाठवलेला लांबलचक व्हिडिओ मी जेमतेम फोडणीपर्यंत पाहिला होता. तोच दिला.

एजंटने कळवलं, "अपलोड झालं. शेवटची सहा मिनिटं चित्र काळं आहे, फक्त आवाज येतो. तेवढा भाग कापू का?"

मी वैतागलो. अरे यार, सांगितलंय तेवढं कर ना! तरी खात्रीसाठी हेडफोन लावला. आईने रेकॉर्डिंग बंद न करताच फोन कॅमेरा खाली करून ओट्यावर ठेवला होता. बाबा विचारत होते, "एवढं सांगत बसलीस, तो बघणार आहे का सगळं?"

"नाही बघितलं तर नाही," आई म्हणाली. "त्यानं मला विचारलं, बस्स."

"कापू नकोस," मी एजंटला लिहिलं, आणि खाली मनापासून "थँक यू". मग पूर्ण व्हिडिओ पाहिला. चिंचेचं त्यात होतंच, तरी आईला फोन लावला आणि विचारलं, "वांग्यांत चिंच कधी घालायची गं?"