बह्याड पोरीचा अर्ज

माझी धाकटी बहीण जन्मतःच बहिरी, आणि म्हणून मुकी. पण गावात तिला बहिरी कोणी म्हणत नसे. सगळे तिला 'बह्याड' म्हणत. आमच्याकडे बह्याड म्हणजे खरं तर वेडा. पण लाडाने म्हटलं की त्यात वेड उरत नाही. फुगडीत पडली तरी बह्याड, ताकाचं गाडगं फोडलं तरी बह्याड. आई तर तिची वेणी घालताना दहादा म्हणायची, "माही बह्याड पोरगी."

चामोर्शीच्या पलीकडे, धानाच्या शेतांत आमचं गाव. वडील तापाने गेलेले. आई रोवणीला जायची, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायची. तेव्हा आमचा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि वरच्या कचेरीतून येणारे कागद हिंदीत असत. एके दिवशी शाळेतल्या गुरुजींनी बातमी आणली. नागपूरला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे, गरिबाच्या लेकराचा राहण्या-जेवणाचा खर्च सरकार देतं, ओठ पाहून बोलायला शिकवतात. आईने एवढंच विचारलं, "मंग पोरगी मले आई म्हणन का जी?"

"म्हणन ना बाई," गुरुजी म्हणाले.

त्या दिवसापासून आईला दुसरं काही सुचेना.

अर्जासोबत आईची जबानी लागत होती. तिला लिहिता येत नव्हतं. मी चौथीत, अक्षर चांगलं म्हणून डोक्यावर चढलेली. गुरुजींनी बजावलं, "आई सांगन ते जसंच्या तसं लिव. आपल्या मनचं काई टाकू नोको." मी तसंच लिहिलं. 'माझी मुलगी बह्याड आहे. हाक मारली तर येत नाही. सांगितलेलं समजत नाही. उगाच हसत राहते.' वाचून दाखवलं, आईने मान हलवली, गुरुजींनी खाली सही ठोकली. आम्हा तिघांनाही त्यात काही खटकलं नाही. ती कशी बह्याड आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

सरकारी काम, सहा महिने थांब. आम्ही वर्षभर थांबलो. मग उत्तर आलं: 'बालिका विक्षिप्त होने के कारण सहायता की पात्र नहीं.' मला काही उलगडेना. गुरुजींनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"वेडी समजले बाई तिले. आपन बह्याड लिवलं ना."

"पन बह्याडच तं आहे माही पोरगी!" आई म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला कळलं. मला ती एका शब्दाने बोलली नाही. तिने मला झोडपून काढलं असतं तर फार बरं झालं असतं. इथे कोणी ध चा मासुद्धा केला नव्हता. जे सांगितलं तेच मी लिहिलं होतं.

आम्ही गडचिरोलीच्या कचेरीत दोन खेपा घातल्या. बहिणीला सोबत नेलं, की निदान पाहतील तरी. बाबूने तिच्याकडे पाहिलं नाही. जिल्हा आता मुंबई राज्यात चालला, म्हणाला, जुन्या कागदांचं काही होत नाही, पुढे नवा अर्ज करा. नवा छापील अर्ज हातात पडेपर्यंत आणखी वर्ष गेलं. तोवर गुरुजींची बदली झाली होती.

या वेळी मी 'बहिरी' तीन ठिकाणी लिहिलं. पुढे वयाचा रकाना आला. शाळेत दहाच्या वरचं मूल घेत नसत आणि बहीण अकरा वर्षांची झाली होती. आईला हे कोणीतरी सांगितलं होतं.

"नऊ लिव," ती म्हणाली.

बहिणीचा जन्म आजोळचा, कुठल्या बुकात नोंद नव्हती. अंगानेही ती बारीक होती. कोण पाहायला येणार होतं? पण मी एकदा लिहून वाटोळं केलं होतं. आता सगळं खरंखुरं असलं पाहिजे, नाहीतर आईला पकडून नेतील, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. थोडी भीती आणि बाकी शाळेत शिकलेलं दीडशहाणपण. हरिश्चंद्राचा अवतारच मी! मी अकरा लिहिलं.

"लिवलं का नऊ?"

"हो."

आईने अंगठा उठवला. सरकारशी मी खरं बोलले आणि आईशी खोटं.

या खेपेला उत्तर लवकर आलं, मराठीत. वय जास्त असल्यामुळे विचार करता येत नाही. आईने मला ते तीनदा वाचायला लावलं. "नऊ सालाची पोरगी काऊन मोठी होते वं?" ती विचारत होती, आणि मी कागदात तोंड खुपसून बसले होते. बहीण आमच्याकडे पाहून हसत होती.

पुढे मी शिकले, मास्तरीण झाले. शेकडो पोरींना बाराखडी शिकवली. बहिणीला शिकवायला बसले तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पाटी घेऊन ती चुलीपाशी गेली आणि त्या पाटीवरच मिरच्या निवडत बसली. आईला तिने कधी आई म्हटलं नाही.

आई जगली बरीच. कोणी सरकारचं नाव काढलं की ती शिव्यांचा पट्टा सुरू करायची, "माह्या लेकराचं वाटोळं केलं मेल्यायनं," आणि माझ्याकडे पाहायची, मी दुजोरा द्यावा म्हणून. मी देत होते.