भांडण वर न्यायचं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात, शाळेत निकालपत्रकं भरत होतो. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की आमचं भांडण मिटायचं राहिलं… त्या फोनला आता पाच आठवडे होतील.

आक्का माझी थोरली बहीण. सांगोल्याकडं आमचं गाव, आणि तिला गावातच दिलेली, त्यामुळं आमच्या प्रत्येक भांडणात ती हजर. घरामागं चुनखडीची टेकडी आहे. एवढीशीच, दहा मिनिटांची; पण चढण छातीवर येणारी आणि पांढरे खडे पायाखालून निसटणारे. घरात कुणाचं वाजलं की आक्का पदर खोचायची. "हितं न्हाय. वर चला. काय भांडायचं ते वर भांडा." वाटेत बोलायचं नाही, हा तिचा नियम. आणि बोलायला दम तरी कुठं असायचा! वर पोहोचेपर्यंत माणूस निम्मा निवलेला असे. मी सोलापूरच्या तेलुगू विणकराच्या मुलीशी लग्न करतो म्हणालो, तेव्हा आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घर डोक्यावर घेतलं. आक्कानं त्यांनाच वर नेलं. तासाभरानं अण्णा धोतराची पांढरी माती झटकत आले आणि म्हणाले, "आण बघू पोरीला घरी." वर काय झालं, हे दोघांनीही कधी सांगितलं नाही.

दाजी वारल्यावर ती एकटी पडली. गुडघे गेलेले. दिवाळीत मी हट्टच धरला, सोलापूरला चल. ती डाळिंबाची झाडं सोडून यायला तयार नाही. माझा तोल गेला. "मर मग इथंच," म्हणालो. होय, मीच म्हणालो. ती उठली, पदर खोचला. "चल वर."

"आधी स्वतःचे गुडघे बघ. मला एसटी गाठायचीय," म्हणून मी निघालो. नंतर महिनाभर फोन केला नाही. तिनं करावा म्हणून रुसून बसलो, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

तेराव्याला शेजारच्या शांताबाई जवळ येऊन बसल्या. "तुमी गेलासा आन् दुसऱ्या दिशी आक्का काठी घेऊन टेकडीवर. मी माघनं गेले. निम्म्यात बसली, उठली, परत बसली. म्हटलं, ह्यो काय खुळेपणा? तर म्हनली, त्यो न्हाय आला, त्याच्या वाटचं बी मीच चढते."

"वर काय म्हणाली?"

"काय न्हाय. लई येळ दम खाल्ला. मग म्हनली, झालं, मिटलं. फोन कर म्हटलं, तर म्हनली, हुरड्याला येईलच की त्यो, तवा सांगते."

मी उठलो आणि टेकडीची वाट धरली. शांताबाई मागून ओरडल्या, "आता कशाला, भाऊ? मिटलंय की ते!"

तिच्या बाजूनं मिटलं होतं. माझ्या बाजूचं अजून तोंडातून निघायचं होतं. निम्म्यातच दम संपला. तिथंच खड्यांत बसलो, "आक्का, चुकलं माझं," एवढं म्हणालो आणि पोटभर रडलो.