उसनी जागा

मास्तरांच्या बायबलात परदेश नव्हता. यरुशलेम, यरीहो, गालील ही नावं ते वाचताना नीट वाचायचे, पण गोष्ट सांगायला लागले की सगळं आमच्या पैठण रोडच्या आजूबाजूलाच घडायचं. बेथलेहेम चितेगावच्या जरा पुढं होतं. योसेफ आणि मरिया तिथं पोचले तेव्हा कंपन्यांत कामाला आलेल्या पोरांनी सगळ्या खोल्या आधीच भाड्यानं घेतलेल्या होत्या. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला तो वाटसरू खुलताबादहून दौलताबादला घाट उतरत होता. "एकट्यानं उतरायचं काय नडलं होतं त्याला?" असं मास्तर मध्येच थांबून रागानं विचारायचे, जसं काही निघताना त्यांनी त्याला बजावलं होतं. पुढे शाळेत नकाशावर मी खरा इस्राएल पाहिला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला फसवल्यासारखं झालं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचे वडील गावातल्या मिशनच्या शाळेत शिकवायचे. शाळा बंद पडली, पण 'मास्तर' हे नाव घराला चिकटलं ते चिकटलंच. हे आमच्या मंडळीचे, म्हणजे गावच्या चर्चचे, प्रचारक. पाळकसाहेब शहरातून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादहून, महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटारसायकलवर यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि जेवून परत जायचे. बाकीचे रविवार, आजारपणं, मयती, सोयरिकी, नवरा-बायकोची भांडणं, पोरांचे दहावीचे फॉर्म, सगळं मास्तरांच्या गळ्यात. पांढरा सदरा, खिशात बडीशेप आणि चाल अशी की बरोबर चालणाऱ्याला धावावं लागे.

आमच्या मंडळीचं एक सांगायला हवं. सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. गावात ख्रिस्ती वस्त्या दोन. वरची वस्ती जुन्या महारवाड्यातून आलेल्यांची, खालची मांगवाड्यातून आलेल्यांची. दोन्हीकडच्या पणजोबांनी एकाच वर्षी बाप्तिस्मा घेतला. गावच्या विहिरीवरून दोघांनाही सारखंच हाकललं होतं. तरी देवळात वरचे उजवीकडे बसायचे आणि खालचे डावीकडे. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते कुणी मोडलंही नव्हतं. मास्तर वरच्या वस्तीतले, मी खालच्या.

त्या घाटातल्या वाटसरूला उचलून दवाखान्यात नेणारा जो शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांचा विटाळ धरायचे त्यांच्यातला माणूस, तो मास्तरांच्या गोष्टीत दर वेळी वेगळा असायचा. उजवीकडे बघून सांगताना तो मांगाचा असायचा, डावीकडे बघून सांगताना महाराचा. शेजारच्या बौद्ध वस्तीनं एकदा जयंतीला त्यांना बोलायला बोलावलं. तिथं त्यांनी शोमरोन्याला सरळ ब्राह्मण करून टाकलं. लोक आधी खदखदून हसले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले. शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये तर कहर केला. तिथली मंडळी कडक इस्त्रीची. मास्तरांनी शोमरोनी कोण केला, तर चर्चच्या मागचं गटार काढायला आलेला माणूस, जो त्याच वेळी बाहेर पायरीवर बसून बिडी ओढत होता. वर त्याला हाक मारली, "या हो, आत या. तुमचंच चाललंय." पुन्हा काही तिकडून बोलावणं आलं नाही. मी एकदा विचारलं, मास्तर, खरा शोमरोनी नेमका कोण? म्हणाले, "ज्याच्या हातचं पाणी प्यायला आपल्याला जड जातं ना, तो. ज्याचा त्यानं हुडकायचा."

प्रभुभोजनात प्रभूचं शरीर म्हणून पाव वाटतात, तो त्यांनीच बंद केला. "पाव आपल्यात कोण खातं? तापानं पडलेला मानूस. प्रभू काय आजाऱ्यांनाच वाढायला आलता का?" पाळकसाहेबांना घाम फुटला; वर विचारून सांगतो म्हणाले. मास्तर म्हणाले, "इचारा की. तवर भाकर थंड हुईल." मग दर पहिल्या रविवारी मास्तरीणबाई ज्वारीची भाकरी करून आणायच्या, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. त्या वारल्यावर मास्तरांनी घराघराला पाळी लावून दिली. एका महिन्याला एक घर.

पाळी फिरत फिरत आमच्या घरी आली. आईनं पहाटे उठून चूल सारवली, डोक्यावरून अंघोळ केली, तीनदा पीठ चाळलं. आणि त्या रविवारी उजवीकडच्या अर्ध्या लोकांची पोटं एकदम बिघडली! त्यातलं कुणी जागचं उठेना. ताटात भाकरीचे तुकडे तसेच. मास्तर ताटाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मंग? प्रभूचं अंग बाटलं म्हनायचं का आज?" घरी आल्यावर आई रडली नाही. घासलेलाच तवा पुन्हा घासत बसली.

सोमवारी सकाळी मास्तर दारात हजर. "रूथाबाई, फुडल्या महिन्यात बी तुमचीच पाळी."

"नको मास्तर, झाली तेवढी शोभा पुरे."

"शोभा तुमची नाय झाली, आमची झाली. आमच्या लोकांना ते उमजस्तवर भाकर तुमचीच."

सहा महिने आईचीच भाकरी चालली. दर खेपेला उजवीकडची दोन-चार पोटं बरी होत गेली. सहाव्या महिन्यात तिकडची शेवटची म्हातारी काठी टेकत पुढं आली, तुकडा तोंडात टाकला आणि भर उपासनेत आईला म्हणाली, "मीठ टाकत जा गं वाईच!" मास्तरांना इतकं हसू आलं की पाळकसाहेबांना प्रार्थना थांबवावी लागली. आईनं ही गोष्ट मरेपर्यंत शंभरदा तरी सांगितली असेल, आणि सांगताना दर वेळी पदरानं डोळे पुसायची.

माझ्या वडिलांचं आणि मास्तरांचं विशेष सूत होतं. वडिलांना हलगी वाजवता यायची, पण ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या जिण्यातलं काम म्हणून घराण्यानं हलगी पणजोबांपासून खुंटीला टांगलेली. मास्तरांनी ती नाताळच्या फेरीत काढायला लावली. मंडळीचे पंच कुरकुरले, तर मास्तर म्हणाले, "स्तोत्रात डफ हाय. पेटी दाखवा मला कुठं हाय ती." पेटीवाल्यानं आठवडाभर बायबल चाळलं म्हणतात.

आमच्या कबरस्तानातही वरची बाजू आणि खालची बाजू आहे. वरची मुरमाड, कोरडी. खालची नाल्याला लागून, काळ्या मातीची. आमच्यात रीत अशी की जोडीतलं एक माणूस गेलं की त्याच्या शेजारची जागा विटा लावून दुसऱ्यासाठी राखायची. खाली वडिलांशेजारी आईची जागा होती. वर मास्तरीणबाईंशेजारी मास्तरांची. रविवारी उपासना सुटली की मास्तर तिथं जाऊन गवत उपटायचे आणि बायकोला आठवड्याच्या बातम्या सांगायचे. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोरगं कंपनीत लागलं. कुणी गंमतीनं विचारलं, तर विटांवर हात ठेवून म्हणायचे, "एसटीत टाकतात तसा रुमाल टाकून ठेवलाय मी हितं. माझी जागा कुनी घ्यायचं नाय."

आई गेली ती गणपतीच्या दिवसांत. चार दिवस पाऊस धरून बसला होता. वडिलांच्या शेजारी खड्डा खणला, तर गुडघाभर पाणी. उपसलं, पुन्हा भरलं. आईची शवपेटी तोवर नाल्याच्या काठी येऊन थांबलेली, तिच्यावर प्लास्टिक धरलेलं. थोरले पंच म्हणाले, "उद्या बघू. पाऊस उघडंल." मी म्हणालो, वर कोरडी जागा आहे की. त्यावर ते खाली बघत म्हणाले, "वर आमची मानसं हायेत बाबा." सहा महिने माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस हा! खाणं वेगळं आणि पुरणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. माझं डोकं फिरलं. मी नको नको ते बोललो, आईच्या पेटीसमोर.

मास्तर पुढं झाले. सत्तरी उलटलेला माणूस. कुणाच्या तरी हातातला टिकाव घेतला, चढण चढून वर गेले आणि बायकोच्या शेजारी पहिला घाव घातला. पंच ओरडले, "मास्तर, ती तुमची जागा हाय!"

"व्हय ना. माझी हाय म्हणून तर देतो. तुमची कुठं मागितली?"

त्यांचा मुलगा शामू धावत गेला. शमुवेल त्याचं नाव, माझ्याच बरोबरीचा. त्यानं त्यांचा हात धरला. "आप्पा, आईजवळची जागा ती! काय करताय?"

मास्तरांना दम लागला होता. म्हणाले, "शामू, आपल्या प्रभूला तरी सोताची कबर कुठं होती रे? अरिमथाईच्या योसेफाची उसनी घेतली. धनी उसन्या जागेत निजला, आन मी रुमाल टाकून बसू का?" मग टिकावावर रेलून जरा थांबले. "त्यानं तिसऱ्या दिवशी उठून परत केली म्हना. रूथाबाई काय इतक्यात परत करत नाय. ऱ्हाऊ द्या तिला निवांत."

त्या पावसात, तसल्या प्रसंगी, कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आमच्या वस्तीतली पोरं धावली आणि त्यांच्या हातातला टिकाव काढून घेतला. आई मास्तरीणबाईंच्या शेजारी कोरड्या मातीत निजली.

शामूनं मात्र मला माफ केलं नाही. परतताना फाटकापाशी त्यानं मला गाठलं. "माझ्या आईशेजारी आता तुझी आई. माझा बाप कुठं जाणार रे?" पुढं आम्ही दोघंही शहरात राहायला आलो, त्याला चितेगावला कंपनीत नोकरी, मला इथं शाळेत. नाताळला समोरासमोर आलो तर तो लेकराच्या बुटाची नाडी बांधायला वाकायचा. मला त्याचा राग कधी आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

शहराचं नाव बदललं तोवर मास्तर थकले होते. शामूनं त्यांना आपल्याकडे आणलं. एका संध्याकाळी शामूचाच फोन आला, "आप्पा बोलवतायत." एवढंच बोलला. मी गेलो. मास्तर खाटेवर, अगदी लहान झालेले.

"सलाम, मास्तर."

"सलाम. बस हितं, जवळ."

मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून त्या जागेचे उपकार वगैरे काढले. त्यांनी हात हलवून गप्प केलं. "एक खरं सांगू का तुला? लई वाटतं रे. चाळीस वर्सं शेजारी निजली ती बाई. कंदी कंदी वाटतं, उगाच दिली."

मला मान वर करवेना. दारात शामू चहा घेऊन उभा होता.

"तसं नाय," मास्तर म्हणाले. "पुन्यांदा येळ आली तर पुन्यांदा दीन. पन रडत दीन. हासत द्यायला मी काय संत हाय?" मग माझा हात धरला. "तुझ्या बापाशेजारी रूथाबाईची जागा मोकळीच हाय ना? ती मला दे. उसनी."

आयुष्यभर आम्ही त्यांच्या लोकांकडे काही ना काही मागत आलो. ओंजळभर पाणी, बाकावर बसायला जागा, दोन हात कोरडी माती. आमच्याकडे कधी कुणी काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि लहान पोरासारखा रडलो. शामूनं चहा ठेवला आणि आत निघून गेला.

संक्रांतीच्या आसपास मास्तर गेले. वरचे पंच म्हणाले, मास्तर नाल्याकाठी? शोभतं का! आणि आमच्या वस्तीतलेही काही कमी नव्हते, "आपल्यात त्यांचा मानूस कशाला घुसवायचा?" असं विचारणारे निघालेच. त्यांच्याशी मी भांडलो, तेवढा तर मी जन्मात भांडलो नाही. शेवटी शामूच पुढं झाला. "आप्पांनी मागून घेतलीय ती जागा," म्हणाला. एका बाजूचा दोर त्यानं धरला, दुसऱ्या बाजूचा मी, आणि आम्ही मास्तरांना माझ्या वडिलांच्या शेजारी खाली सोडलं.

महिन्याभरात पंचांनी ट्रॅक्टर लावून खालच्या बाजूला मुरूम आणून टाकला. आपला माणूस तिथं गेल्यावर त्यांना नाल्याचं पाणी दिसलं. माझ्या वडिलांसाठी इतक्या वर्षांत कुणी एक टोपलं टाकलं नव्हतं. मी आधी चिडलो आणि मग मला मास्तरांचा चेहरा आठवला. ते पोट धरून हसले असते. आता खालच्या बाजूला वरच्या वस्तीतल्या दोघांना ठेवलंय, वर आमची एक आजी आहे, आणि त्यावरून कुणाचं पोट दुखल्याचं ऐकिवात नाही. मला मास्तरांची आठवण येते ती देवळात नाही. कुणाला जागा द्यायची वेळ आली आणि माझा हात आखडला की येते. आणि तो अजून आखडतो.

मास्तर गेले त्या वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, उजाडताना सगळे कबरी धुवून फुलं वाहतात म्हणून मी निघालो, पण बस चुकली आणि पोचेपर्यंत ऊन आलं. फाटकातून वर आईकडे निघालो, तर शामू समोरून उतरत होता. हातात रिकामी बादली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. मी बाजूला झालो. या वेळी तो नाडी बांधायला वाकला नाही. पिशवीतले उरलेले झेंडू त्यानं माझ्या हातात दिले.

"वर दोघींचं झालंय माझं," तो म्हणाला. "तू खाली दोघांचं बघ."