दिगूच्या हिरोचं राहिलेलं तोंड

दिगू काल गेला आणि त्याच्या हिरोला अजून तोंड नाही.

काय लिहू कळत नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. माझी नात म्हणाली, आजोबा, त्यांच्याबद्दल तुम्हीच लिहा, दुसऱ्या कोणाला माहीत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

दिगू म्हणजे आमच्या नेरूळच्या सोसायटीतले दिगंबरकाका. खाली बाकावर बसून मुलांना वाघ काढून देणारे.

ते कॉमिकचे आर्टिस्ट होते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. नाव कुठे छापलंच नाही त्यांचं.

आम्ही एकाच कंपनीत. दिगू चित्रं काढायचा, मी अक्षरं लिहायचो. माणसं बोलतात ते गोल असतात ना, त्यांना आम्ही फुगे म्हणायचो.

"फुगा केवढा काढलायस? ह्यात 'थांब' पण मावणार नाही," मी ओरडायचो.

"मग हिरोला सांग, कमी बोल म्हणून."

कंपनीत एक पद्धत होती. हिरोचं तोंड फक्त मोठे साहेब काढायचे. प्रत्येक अंकात सारखं दिसलं पाहिजे म्हणून.

दिगू घोडे काढायचा, आगी, गर्दी, मारामारी, हिरोचे हातपाय, सगळं. मानेवरची जागा कोरी सोडायचा. मग साहेबांनी काढलेलं तोंड कापून तिथे चिकटवायचे.

सगळी नोकरी अशीच गेली.

कंपनी बंद पडली. मग दिगूनं तळोज्याच्या कारखान्यांसाठी 'हेल्मेट घाला'ची चित्रं काढली.

वहिनी गेल्यावर त्यानं स्वतःचं कॉमिक काढायला घेतलं. हिरो म्हणजे मोरा बंदरावरचा एक तांडेल, होडीवरचा मुख्य माणूस. दिगू मूळचा मोऱ्याचाच.

पानं दाखवायला आणली आणि मी घाबरलोच.

"दिग्या, ह्याचं तोंड कुठंय?"

त्यानं पान जवळ धरून बघितलं. मग दुसरं. मग सगळी. हिरोच्या मानेवर कोरी जागा.

"आयला," म्हणाला. "सवय रे."

खूप हसलो.

तोंड काढायला बसला की साहेबांच्या हिरोचं तोंड यायचं. तेच नाक, तीच हनुवटी. खोडायचा. परत तेच.

मला टेन्शन. त्याच्या छातीत स्टेंट, वय झालेलं, हे पुरं कधी होणार? रोज मागे लागायचो.

"नाकडोळे काढ आणि सोड ना बाबा. काहीतरी काढ."

"काहीतरी नको. ह्या टायमाला माझं पायजे."

मोऱ्यालाही जाऊन आलो दोघं. तो धक्क्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत होता. मी त्याच्या डोक्यावरचं ऊन बघत होतो.

एका कोळणीनं विचारलं, "काय बाबा, कोनाला शोधता? कोन हरवलाय काय?"

"हाय एक," दिगू म्हणाला. "सापडंल."

नाही सापडला.

काल सकाळी चहा पितानाच गेला.

स्मशानातलं सगळं उरकून त्याच्या घरी आलो तर त्याची मुलगी स्वाती ती पानं मांडीवर घेऊन बसलेली.

जावई चांगला आहे. चांगल्या मनानंच म्हणाला, "काका, एआयवर तोंडं बसवून देतो. लगेच होईल. पप्पांचं पुस्तक छापू."

स्वातीनं माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही सांगा. बसवायची?"

असं कोणी विचारलं की मी मागे सरतो. मी कोण सांगणारा? उद्या लोक हसले, पुस्तक कोणी हातात घेतलं नाही, तर माझ्यावर येईल.

तरी बोललो.

"नको. जन्मभर त्याच्या चित्रांवर दुसऱ्याचं डोकं चिकटवलं. आता नको. छापा कोरीच."

जावयानं लॅपटॉप मिटला. स्वाती रडली. खूप वेळ रडली.

तेव्हापासून हाच घोर. बरोबर बोललो ना मी? विचारायचं कोणाला, ज्याला विचारायचं तोच नाही.

फुग्यांत दिगूनं पेन्सिलीनं शब्द लिहून ठेवलेत. त्यावर शाई मी फिरवतो म्हणालोय. अक्षरं काढून वर्षं झालीत. बघू.

दिगू, दमलास रे. पड आता निवांत. माझा शेवटचा नमस्कार घे.