तिसऱ्यांदा मंदावलेला तारा

फोन आला तेव्हा मी मोहालीच्या बाजारात होते, यादीतल्या सातव्या ओळीवर. ह्यांचा आवाज अगदी सपाट होता. "सुभाष गेला. वरच्या खोलीत, खुर्चीतच." मी यादीची घडी घालून पर्समध्ये ठेवली... पुढच्या वस्तू घेतल्याच नाहीत.

सुभाषभाऊजी माझे धाकटे दीर. चंडीगडला विद्यापीठात संशोधक, अकरा वर्षं आमच्याच घरी. दूरच्या ताऱ्यांभोवती जगण्याजोगे ग्रह शोधणं हे त्यांचं काम. असा ग्रह दिसत नाही म्हणे. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, एवढंच. "म्हणजे कमी पडलेल्या उजेडावरून ओळखायचं?" मी विचारलं होतं. "वहिनी, डब्यातले लाडू कमी झाले की तुम्ही मला ओळखता ना, तसंच!"

एक तारा असा दोनदा मंदावलेला त्यांना सापडला होता. ठरल्या दिवशी तिसऱ्यांदा मंदावला, तरच ग्रह खरा. नाहीतर एवढ्या वर्षांची मेहनत चुकीची. तो दिवस त्यांनी मला माझ्या डायरीत लिहायला लावला होता. तो त्यांच्या तेराव्यानंतरच्या मंगळवारी आला.

त्या दिवसाची दुर्बिणीची नोंद गेल्या आठवड्यात मिळाली. त्यांची विद्यार्थिनी हरलीन दुपारी घरी आली, त्यांचा संगणक लावला, पण उभीच राहिली. "बस ना," मी म्हटलं. "नहीं आंटी, सर की कुर्सी है..." पडद्यावर रेघ सरळ जात होती. सरळ, सरळ... आणि मग उथळ वाटीसारखी खाली उतरली. "आ गया, आंटी. पक्का!" हरलीन रडायला लागली.

ताऱ्यापासून निघून इथवर आलेला हा उजेड कधीचा, मी विचारलं. "बहुत पुराना. तब तो सर पैदा भी नहीं हुए थे."

म्हणजे ग्रह समोरून गेला तेव्हा भाऊजी नव्हते, आणि ते कळलं तेव्हाही नव्हते. मधला थोडा काळ ते आमच्या वरच्या खोलीत होते.

खोली अजून आवरलेली नाही. दुपारी मी तिथे जाऊन बसते. चार वाजून दहा मिनिटांनी, ते चहाला खाली यायला निघायचे त्या वेळी, तिथला उजेड क्षणभर कमी होतो. खिडकीच्या काचा पुसून घेतल्या. पडदे काढले. बल्बही बदलून पाहिला.

हल्ली मी चारलाच जागेवरून उठते, आणि दारातून जरा बाजूला उभी राहते.