धुळाप्पाची हाक

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागं माझी चहाची टपरी हाय. समोर पालिकेच्या माळाचं कुंपण आणि गेटवर खाकी शर्टात धुळाप्पा. दिवसातनं चार वेळा मी त्याला शिव्या घालतो. तो ऐकून घेतो, चहा पितो, परत गेटवर जाऊन उभा राहतो. मी महबूब. चाळीस वर्षांचा दोस्ताना हाय, म्हणून जीव जळतो.

हा माणूस त्याच माळावर मेंढरं चारून म्हातारा झाला. साठ मेंढरं, पण काठी कधी उगारली न्हाय. पुढं चालत नुसती हाक मारायचा, की सगळी त्याच्या मागं. कुटं पवन्या गवत उगवतं, कुटं मारवेल, उन्हाळ्यात कुठल्या घळीत गवत टिकतं, सगळं त्याच्या डोक्यात. पण मेंढका आपलं चांगलं गवत दुसऱ्या मेंढक्याला दाखवत नसतो. ह्यानं सख्ख्या भावालासुद्धा पत्ता लागू दिला न्हाय.

दोन वर्षांमागं पालिकेच्या विजयमाला मॅडम आल्या. शहरानं ठरवलं होतं की, त्या माळावर बाहेरची झाडं लावायची न्हाईत, हितलं मूळचं गवतच परत वाढवायचं. जुनं गवत कुटं उरलंय, असं त्यांनी विचारलं आणि ह्या शहाण्यानं तीन दिवस फिरवून एकूण एक जागा दाखवली. मॅडम मोबाइलवर खुणा करत गेल्या.

"अरे, भावाला सांगितलं न्हाईस आणि यांना दाखवलंस?" मी म्हणालो.

"त्यांच्याकडं मेंढरं कुटं हायती?" तो म्हणाला. लई खुशीत होता.

जिथं खुणा केल्या तिथनंच कुंपण गेलं. तीन वर्षं चराई बंद. बाहेर राहिला मुरूम आणि वेडी बाभळ. फसवलं म्हणावं तर तसंही न्हाय. गवत जपायचं हाय, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जपायचं म्हणजे दुसऱ्यांच्या मेंढरांपासून, असं ह्यानं धरलं. मॅडमना वाईट वाटलं. त्यांनीच खटपट करून त्याला राखणदार केलं. शर्ट दिला, किल्ली दिली, शिट्टी दिली. "शिट्टी कशाला? गळा हाय की," म्हणून त्यानं ती गेटजवळच्या राखणीच्या खोपीतल्या खिळ्याला अडकवली.

"सोड ही नोकरी," मी म्हणालो.

"सोडली तर कुंपण काय माझ्याबरोबर जातंय?" तो म्हणाला. "मग मला आत पाय बी टाकू देणार न्हाईत." खरंच होतं ते, म्हणूनच मला जास्त राग आला.

गेल्या महिन्यात सकाळी त्याची बायको म्हाळसाबाई मेंढरं घेऊन गेटवर आली. मेंढरांची पोटं खपाटीला गेलेली. "उघडा," ती म्हणाली. "एकच दिवस."

"आता मॅडमची माणसं येतील गवत बघायला," तो म्हणाला. किल्ली हातातच होती. "नोकरीच्या कागदावर सही केलीय मी. न्हाय उघडता येत."

मग तो मेंढरांवर ओरडला, मागं फिरा म्हणून. त्याचा आवाज ऐकला आणि सगळी पुढं आली. जितका ओरडला तितकी कुंपणाला भिडली. लोकर तारेत अडकायला लागली.

"तुमी बोलू नका," म्हाळसाबाई म्हणाली. "तुमी बोललासा तर ती जायची न्हाईत."

तो खोपीमागं जाऊन तोंडावर टॉवेल धरून बसला. मेंढरं हलायला अर्धा तास लागला.

शेवटी मेंढरं विकली. पुढच्या मंगळवारी ती न्यायला वैरागच्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला. मेंढरं फळीवर चढेनात. ओढून बघितली, मारून बघितली. मग व्यापारी म्हणाला, "ही कुणाची हाक ऐकत्यात? त्याला बोलवा." धुळाप्पा गेटला कुलूप लावून आला. टेम्पोत चढून पार पुढं उभा राहिला आणि नेहमीची हाक मारली. साठच्या साठ चढली.

आता आत गवत गुडघ्याएवढं झालंय. मॅडम खूश हायेत. चुकून कुणाची शेळी आत घुसली तर धुळाप्पा तोंड उघडत न्हाय. खिळ्यावरची शिट्टी काढतो आणि वाजवतो.