तिसरी अवस्था

गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली आणि मी बाळंतपणाच्याच परीक्षेत नापास झाले. यावर गाव जेवढं हसलं तेवढी मी काही हसले नाही. पारनेरच्या पुढे डांबरी रस्ता संपतो तिथे आमचं उपकेंद्र होतं. एसटीच्या थांब्यावर बसलेली म्हातारी माणसं मला बघितलं की विचारायची, "काय नर्सबाई, औंदा तरी सुटका व्हनार का?" आमच्याकडे बाळंत होण्याला सुटका म्हणतात. मी म्हणायची, "कळा सुरू हायेत, बघू." तोंड माझंही काही कमी नव्हतं.

झालं होतं असं, की नर्सची हेल्थ व्हिजिटर व्हायला लागतं ते खात्याचं प्रशिक्षण मी पुरं केलं होतं. लेखी पेपर सगळे सुटले. तोंडी परीक्षेत मात्र समोरच्या सरांनी विचारलं, "प्रसूतीची तिसरी अवस्था सांगा," आणि माझी दातखीळ बसली. अडलेल्या बायकांपाशी बसताना मी कधी अवस्था मोजल्या नव्हत्या. मूल झालं, मागून वार पडली, रक्त बेताचं आहे असं बघितलं, की बाईला गरम चहा द्यायचा, एवढं मला ठाऊक. वार म्हणजे बाळाची नाळ आईच्या पोटात जिला जोडलेली असते ती. ती बाहेर पडेपर्यंतचा वेळ म्हणजेच पुस्तकातली तिसरी अवस्था. म्हणजे मला उत्तर येत होतं, प्रश्नच ओळखू आला नाही. त्या दिवशी एसटीत बसून मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा बसायची संधी होती आणि या खेपेला नुसत्या बढतीचा प्रश्न नव्हता. माझा नवरा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला साखर कारखान्यात फिटर होता. रविवारी सकाळी यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात हेल्थ व्हिजिटरची जागा रिकामी झाली होती. मी पास झाले तर ती मला मिळणार होती, नाही तर दुसरीला. अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा नेम नव्हता. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी सलग आठवडाभर एकत्र संसार केला नव्हता, आणि मुलगी आता चार वर्षांची झाली होती.

रजा मिळणं शक्य नव्हतं. लसीकरण, घरभेटी, शिबिरं, त्यात कुणाच्या ना कुणाच्या कळा. मग मी चालता चालता पाठ करायला लागले. लसीचा डबा खांद्याला आणि तोंडाने पुटपुट. या वस्तीवरून त्या वस्तीवर जाईपर्यंत एक धडा व्हायचा. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, नर्सबाईंना बाहेरचं झालंय. एकीने तर मनापासून लिंबू उतरवून टाकायचा सल्ला दिला. परीक्षेत उपयोग होणार असता तर मी तेही केलं असतं.

खरी तयारी व्हायची ती सकाळी, भाकरीच्या वेळी. सासूबाई माझ्यापाशीच राहायच्या, नातीला सांभाळायला. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण परीक्षा घ्यायची हौस दांडगी. मी परातीत भाकरी थापायची, त्या चुलीपुढे बसून जाळ सारायच्या आणि प्रश्न टाकायच्या. अवस्था हा शब्द त्यांना बिलकूल मान्य नव्हता.

"मला सा लेकरं झाली. कुनी इचारलं न्हाई, आवस्ता कितवी म्हनून."

"आत्याबाई, पुस्तकात तसंच आहे."

"आसंल. मी माझ्या परीनं इचारते. हं, वार?"

एवढंच म्हणायच्या. वार? की मी सुरू. आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, नाळ ओढायची नाही, बाहेर आली की पालथी-उताणी करून पूर्ण आहे का बघायची, तुकडा आत राहिला असला तर रक्त थांबत नाही, वेळेत पडली नाही तर बाईला ताबडतोब दवाखान्यात हलवायचं. भाकरी तव्यावर पडेपर्यंत उत्तर संपलं पाहिजे, असा त्यांचा कायदा होता. अडखळले की म्हणायच्या, "ऱ्हायली आत. पुन्ना सांग." इतर प्रश्न बदलायचे, हा मात्र रोजचा.

परीक्षा नगरला होती. या वेळी तोंडी घ्यायला एक जाड चष्म्याच्या मॅडम होत्या. माझ्या आधीची मुलगी डोळे पुसत बाहेर आली. मी आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसले. मॅडमनी समोरचा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि वर न बघताच म्हणाल्या, "हं, वार?"

मी सुटले. आपोआप सुटेपर्यंत थांबायचं, नाळ ओढायची नाही, अशी जी निघाले ती बाईला दवाखान्यात पोचवूनच थांबले. भाकरी तव्यावर पडायच्या आत. मॅडम पेन तसंच धरून माझ्याकडे बघत होत्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "तारीख मी लिहिलीय. मी विचारत होते, आज सोमवार की मंगळवार."

जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेले असते. "मंगळवार," मी कशीबशी म्हणाले. त्यांनी ते लिहिलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्या हसल्या तशी मीही हसायला लागले, आणि हसता हसता माझी भीती कुठे गेली ते कळलंच नाही. पुढे त्यांनी बरंच विचारलं. मी आमच्या वस्तीवरच्या बायकांशी बोलावं तशी बोलत गेले.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसेना. "वारच इचारलं ना? मी म्हनत न्हवते?" निकाल लागला आणि मी पास झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं की नगरच्या बाईंनी त्यांचाच प्रश्न टाकला. मी कुणापाशीही त्यांचं म्हणणं खोडलं नाही.

महिन्याभरात आम्ही कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायला गेलो. सामान लावण्यात रविवार गेला. सोमवारी सकाळी मी स्टोव्हवर भाकऱ्या टाकत होते आणि नवरा खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होता. मुलगी उठून दारात आली. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग काळजीने म्हणाली, "पप्पा, तुमची गाडी चुकली?"

त्याने तिला उचलून घेतलं. तिच्या गालाला सगळा साबण लागला. मला रडू आलं, आणि तव्यावरची भाकरी करपली.